चार चाके आणि मुके यंत्र : दंतवैद्य सरकारांच्या स्वारीची हकीकत

वाचणारांचे सेवेसी विज्ञापना की, ट्रकाच्या चार चाकांत हवा कैसी भरली आणि ती भरता भरता एका थोर पुरुषाचा किती दम निघाला, हे पुढील पिढ्यांस ठाऊक असावे, याजकरिता हा मजकूर जैसा घडला तैसा लिहिला आहे. पदरचे तिखटमीठ लाविले नाही. लावावयाची गरजच पडली नाही.

राजश्री दंतवैद्य सरकार यांचा दवाखाना भर पेठेत, दुसरे मजल्यावर. अठरा वर्षे परक्यांच्या जबड्यांत डोकावून सरकारांस मोकळ्या मुलखाची बहुत असोशी लागली, आणि मग पन्नाशीचे उंबरठ्यावर त्यांनी एक ट्रक खरीद केला, ज्याची चाके सरकारांच्या कमरेस लागत आणि ज्यावर आरूढ होताना विजारीच्या दोन शिवणी कामी आल्या. ऐसा ट्रक दगडधोंडे आणि चिखल तुडवावयास असतो. सरकार तो दवाखान्यापुढे उभा करून खिडकीतून न्याहाळीत.

पहिली स्वारी नदीच्या कोरड्या पात्रावर जाहली. वाळूत शिरण्यापूर्वी चाकांतील हवा निम्मी सोडावी, म्हणजे चाक पसरते आणि रुतत नाही, ही युद्धनीती सरकारांस मुखोद्गत होती. सबब त्यांनी मोठ्या रुबाबात चारी चाकांची हवा सोडिली, आणि दोनशे कदम वाळू काबीज केली, आणि मग विजयी मुद्रेने सडकेवर आले, तेव्हा ध्यानी आले की सोडिलेली हवा पुनश्च भरावी लागते आणि तिचा सरंजाम काहीच आणिला नाही. मग बसक्या चाकांनी, पायी चालणाराच्या चालीने, पाच कोस मजल करून पंक्चरवाल्याचे ठाणे गाठिले. वाटेत सायकली पुढे निघून गेल्या. त्याच सायंकाळी सासरेबुवांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता, आणि ते दोन तास वाट पाहून, जावयाची खुर्ची रिकामी ठेवून, केक कापते जाहले.

बाईसाहेब, म्हणजे सरकारांच्या पत्नी, ज्या दवाखान्यात पेशंटांच्या वेळा लावीत, त्यांनी दुसरे दिवशी हुकूम जारी केला. पुढील स्वारीत हवा भरून ट्रक धडपणे घरी आला तर राहील, न आला तर विकणे. गिऱ्हाईक घरचेच, बाईसाहेबांचे धाकटे बंधू मेहुणेराव, जे विटा-सिमेंटाचा धंदा करीत आणि ट्रकाच्या मागल्या हौद्याकडे बोका दुधाकडे पाहतो तैसे पाहत.

सरकारांचे धाबे दणाणले. मग त्यांनी हवा भरण्याचे यंत्र, ज्यास कॉम्प्रेसर म्हणतात, ते हस्तगत करण्याची मसलत आरंभिली. तीन आठवडे मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. परंतु मनात सिद्धांत आधीच कायम होता, तो ऐसा की, खरी ताकद मुकी असते. सरकारांच्या दवाखान्यातही हवेचे यंत्र होते, ज्याच्या जोरावर दात कोरण्याचे हत्यार फिरे, आणि अठरा वर्षांत त्याचा हुंकारदेखील सरकारांच्या कानी आला नव्हता. सबब जे यंत्र गर्जते ते हलके, आणि जे गप्प ते खानदानी. या सिद्धांतास रयतेचा कौलही घेतला. खुर्चीत पडलेल्या पेशंटाच्या तोंडात कापूस कोंबून जाहल्यावर सरकार पुसत, यंत्र मुके असावे हे खरे ना? पेशंट "आं" म्हणे. ती संमती समजून कागदावर टिपली जाई. सतरांपैकी सतरा अनुकूल निघाले.

मग सरकार बाईसाहेबांसह हत्यारांच्या दुकानी दाखल जाहले. दुकानदाराने प्रथम एक चिमुकले यंत्र दाखविले, ते सरकारांनी स्कूटरलायक म्हणून नामंजूर केले. मग त्याने दोन सिलिंडरांचे काळे धूड पुढे ओढिले आणि म्हणाला, "डॉक्टर, हे घ्या. बॅटरीला चिमटे लावायचे, इंजिन चालू ठेवायचं, सहा मिनिटांत एक टायर." आणि कळ दाबिली, तो ऐसा गडगडाट उठला की फळीवरचे रंगाचे डबे थरथरले आणि सरकारांनी कानांत बोटे घातली. शेजारी एक पांढरेशुभ्र यंत्र होते, तेही चालविले, आणि ते मांजर घोरावे इतकेच बोलले. सरकारांची मुद्रा प्रसन्न जाहली.

दुकानदार म्हणाला, "अहो, टायर काय तुमच्या खुर्चीत बसून आवाजाला घाबरतंय?"

बाईसाहेब दोन्ही खोक्यांवरचा मजकूर वाचीत होत्या. त्या म्हणाल्या, "मोठी टायरं आहेत. तो म्हणतो तेच घ्या." तेव्हा सरकारांनी फर्माविले की, दाबाच्या हवेत ज्याची अठरा वर्षे गेली त्यास कोणी शिकवू नये. पांढरे यंत्र खरेदी जाहले. कोणाची अठरा वर्षे कोठे गेली, हे पुढे येईल.

रविवारी फौज पुनश्च नदीवर चालून गेली. मेहुणेराव पंच म्हणून आले आणि येताना मोजमापाची टेप घेऊन आले. सरकारांनी हवा छत्तीस पौंडांवरून सोळावर उतरविली, आणि वाळू जिंकली, आणि मग सडकेलगत ट्रक उभा करून पांढरे यंत्र जोडिले. दहा मिनिटे जाहली, काटा अठरावर. वीस जाहली, साडेएकोणीसवर. मग यंत्र तापले आणि आपणहून बंद पडले. ते निवेतो अर्धी घटका गेली, आणि पुन्हा चालविले, तो पुन्हा तापले. पहिलेच चाक विशीवर अडकले, तीन चाके तोंड वासून बसली होती.

मेहुणेराव हौद्यात चढून टेप पसरीत म्हणाले, "भावजी, सावकाश होऊ द्या. विटा किती मावतात तेवढं बघून घेतो."

सरकार चाकाशेजारी दगडावर बसले आणि टायरावर हात फिरवू लागले. लिहिणारास थट्टा सुचत असली तरी हे लिहिणे भाग आहे की, त्यांचे डोळे भरून आले होते.

तेव्हा बाईसाहेबांनी मागल्या सीटखालून एक खोके ओढून काढिले. आत तेच काळे धूड. दुकानातून आल्याच्या दुसरेच दिवशी त्यांनी ते गुपचूप आणविले होते. सरकार झेपावले, तो बाईसाहेबांनी खोक्यावर पाय ठेविला.

"आधी ऐका. दवाखान्यातलं मशीन मुकं नाहीये. पेशंट घाबरतील म्हणून मी ते पहिल्याच दिवशी मागच्या गॅलरीत ठेवायला लावलं. त्या दाराला माझं टेबल चिकटून आहे. अठरा वर्षं मी तिथे बसतेय. तुम्ही कधी ते दार उघडलंत?"

सतरा पेशंटांचा कौल कामास आला नाही.

मग सडकेलगतच तह ठरला. ट्रक राहील. बाईसाहेबांचे टेबल पुढच्या खिडकीपाशी जाईल. आणि परतताना ट्रक बाईसाहेब हाकतील, तो थेट सासरेबुवांचे दारी, जेथे सरकार स्वमुखे माफी मागतील. सरकारांनी तिन्ही कलमे कबूल केली. चिमटे बॅटरीस लागले, गडगडाट जाहला, झाडांवरचे पक्षी उडाले, आणि पंचवीस मिनिटांत चारी चाके छत्तीसवर येऊन ताठ उभी राहिली. मेहुणेरावांनी टेप गुंडाळिली.

सोमवारी प्रातःकाळी सरकारांनी टेबल दस्तुरखुद्द उचलिले, आणि मग गॅलरीचे दार उघडिले. तो यंत्र सुरू जाहले. सरकारांनी कानांवर हात ठेविले, आणि मग काढिले, आणि ते थांबेपर्यंत तेथेच उभे राहिले.

"रोज असंच असतं?"

"पेशंट असले की असतं."

येणेप्रमाणे हवेची मोहीम फत्ते जाहली. विजय सरकारांचे नावे नोंदिला आहे, कारण ट्रक त्यांचे नावे आहे. पांढरे यंत्र मेहुणेरावांस नजर केले, त्यांच्या स्कूटरीस पुरते. हा मजकूर पुढच्या खिडकीपाशी, दोन पेशंटांच्या मधल्या वेळेत लिहिला. सरकारांनी वाचून, विजारीच्या शिवणींविषयी हरकत घेऊन, निमूट सही केली. येथे आवाज येत नाही, सबब अक्षर चांगले आले आहे.