न वापरायचं पाणी

सोनईहून शिंगणापूरला जाणाऱ्या रस्त्यावर भानुदास फिटरचं गॅरेज आहे. त्याच्या दारातच एक मोठं निळं पिंप काठोकाठ भरून ठेवलेलं असतं, आणि त्यातलं पाणी कुणालाही मिळत नाही. प्यायला नाही, हात धुवायला नाही, उकळत्या रेडिएटरमध्ये ओतायला तर नाहीच नाही. पिंपावर पांढरं फडकं नुसतं टाकलेलं असतं. ते बांधायला फिटरकाकांची सक्त मनाई आहे. शेजारी एक मोठा मग पालथा ठेवलेला असतो. रोज सकाळी काका आदल्या दिवसाचं पाणी लिंबाच्या बुडाला ओततात, पिंप आतून हाताने घासतात आणि समोरच्या हापशावरून पुन्हा भरतात. हापसा आटला की सायकलला कॅन बांधून लांबच्या विहिरीवरून खेपा घालतात. गावात टँकर येत होता त्या उन्हाळ्यातही यात फरक पडला नाही. त्यावरून बायाबापड्या त्यांना तोंडावर बोलल्या. काकांनी ऐकून घेतलं, पण पिंपाला हात लावू दिला नाही.

मी डी.एड. झालेला माणूस. नोकरी लागली नाही, म्हणून शाळेची व्हॅन चालवतो. शिकवलं कुणालाच नाही, तरी गाव मला गुरुजी म्हणतं. माझी व्हॅन जुनी असल्यामुळे आठवड्यातून एकदा तरी फिटरकाकांची गाठ पडते, आणि त्या हिशेबाने त्यांना ओळखणाऱ्यांत माझा नंबर बराच वरचा लागावा. निदान मला तसं वाटत होतं.

काका साठीचे, सडपातळ, फारसे न बोलणारे. गॅरेजात एकटेच काम करतात. बोलतात ते बहुतेक हुकूमच. आपण गाडी घेऊन गेलो की आधी आपल्या हातांकडे बघतात. बोटात अंगठी असेल तर काढायची, मनगटात कडं असेल तर काढायचं, गळ्यातली साखळी शर्टच्या आत. गाडीची किल्ली त्यांच्या खिशात जाते. मग बाभळीचे चार ठोकळे येतात. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली काका आजवर गेलेले नाहीत. ठोकळे लावायचे, गाडीला खांद्याने तीन वेळा ढकलून बघायचं आणि मगच खाली सरकायचं. कुणी घाई केली की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं असतं, “आधी ठोकळा, मंग मानूस.”

तेलाच्या चिंध्या झाकणाच्या डब्यात पडतात आणि तो डबा रोज संध्याकाळी रिकामा होतो. पेट्रोल, ऑईल, थिनर यांतलं काहीही पाण्याच्या बाटलीत ठेवलेलं त्यांना चालत नाही. ॲसिडचा कॅन तर वेगळ्याच कोनाड्यात असतो. त्याच्यावर काकांनी लाल रंगाने स्वतः कवटी काढली आहे. चित्रकलेचा हात नसल्यामुळे ती कवटी इतकी हसरी झाली की एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने हे कुणाचं चित्र म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी काकांनी खाली लिहिलं, ‘हा मेलेला हाय.’

एकदा लग्नाची गाडी त्यांच्या दारात येऊन थांबली. बॉनेटमधून वाफ निघत होती. नवरदेव आत घामाघूम झाले होते आणि मुहूर्ताला अर्धा तास उरला होता. नवरदेवाचे मामा उतरले, त्यांनी खांद्यावरचा टॉवेल हाताला गुंडाळला आणि रेडिएटरचं झाकण पिळायला पुढे झाले. काका मध्ये उभे राहिले. इंजिन निवल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं, एवढंच म्हणाले. मामा म्हणाले, मग वरून पाणी ओता, आणि पिंपाकडे वळले. काका पिंपापुढे जाऊन उभे राहिले. पाणी हवं असेल तर हापशावर जा, पण झाकण अर्ध्या तासाने उघडेल. मामा फार बोलले. शिंगणापुरात घरांना दारं नाहीत आणि इथं पाण्याला पहारेकरी बसवलाय, असंही म्हणाले. शेवटी नवरदेव माझ्या व्हॅनमध्ये, पोरांनी सीटला चिकटवलेल्या च्युइंगगमवर शेरवानीसकट बसून मांडवात पोहोचले. मुहूर्त टळला होता. भटजींनी दुसरा काढला. मामा अजून काकांचं नाव घेत नाहीत.

असे किस्से आम्ही चहाच्या टपरीवर हसत हसत सांगायचो. मीही सांगायचो, आणि काकांच्या हुकमांची नक्कल करण्यात माझा हात कुणी धरत नव्हता.

गेल्या हिवाळ्यात माझ्या व्हॅनची बॅटरी दोन-तीन दिवस मलूल होती. एका संध्याकाळी ती काकांकडे चार्जिंगला लावून घरी गेलो. सकाळी पोचलो तर उशीर झालेला. चौदा पोरं वेगवेगळ्या वस्त्यांवर दप्तरं घेऊन उभी असणार. काका एका टेम्पोखाली होते. मी बॅटरी काढू का विचारलं. खालून आवाज आला, “थांबा. मशीन बंद करतो, मंग काढा.”

मी थांबलो नाही. चार्जिंगच्या मशीनचे चिमटे काढायला काय मोठी अक्कल लागते, असं मनात म्हटलं आणि वाकून पहिला चिमटा ओढला.

बारीकशी ठिणगी दिसली. पुढचं फक्त ऐकू आलं. दिवाळीतला मोठा फटाका हातात फुटावा तसा आवाज झाला आणि तोंडावर काहीतरी ओलं, गार उडालं. क्षणभर ते गारच वाटलं. मग डोळ्यांत आग पेटली. चार्जिंगने साठलेला वायू ठिणगीने पेटून बॅटरी फुटली होती आणि तिच्यातलं ॲसिड तोंडावर आलं होतं. मी ओरडलो असेन, पण मला ते आठवत नाही. डोळे घट्ट मिटून दोन्ही हातांनी दाबून धरले होते एवढं आठवतं.

माझी मानगूट कुणीतरी धरली. साठीच्या माणसात एवढं बळ असेल असं मला वाटलं नव्हतं. चार पावलं फरफटत निळ्या पिंपापाशी नेऊन त्यांनी मला गुडघ्यांवर बसवलं, मान मागे केली आणि पाण्याचा पहिला मग डोळ्यांवर ओतला.

“डोळा उघड,” काका म्हणाले. एरवी मला ते अहो-जाहो करतात.

मला उघडता येईना. त्यांनी बोटांनी पापण्या फाकल्या आणि पाणी ओतत राहिले. मगामागून मग. नाक, तोंड, शर्ट, सगळं भिजलं. थंडीत मी कुडकुडत होतो. थोड्या वेळाने आग जरा कमी झाली. मी म्हणालो, बास झालं, आता दवाखान्यात चला. काकांनी ऐकलं नाही. टेम्पोवाल्याला त्यांनी घड्याळ बघून मिनिटं मोठ्याने मोजायला लावली होती. पाच झाली, दहा झाली. दहानंतर मी उठायचा प्रयत्न केला, तर त्यांनी गुडघा माझ्या छातीला लावून मला खाली दाबलं.

“वीस झाल्याबिगर उठायचं न्हाई,” ते म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. वरून पाणी सारखं पडत होतं, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

वीस मिनिटांनी त्यांनी मला टेम्पोवाल्याच्या भावाच्या जीपमध्ये घातलं. नगरपर्यंत ते माझं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि कॅनमधलं पाणी डोळ्यांवर सोडत राहिले. पोरांना आणायला कोण गेलं, शाळेला कुणी कळवलं, हे सगळं मला नंतर कळलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि आधी विचारलं, हे धुतलं कुणी? मी दाराकडे बोट दाखवलं. काका तिथे ओल्या कपड्यांनी उभे होते. बाई त्यांना म्हणाल्या, तुम्ही धुतलं नसतं तर मला फार काही करता आलं नसतं. त्यावर काका आनंदले नाहीत. मान खाली घालून बाहेर बाकावर जाऊन बसले. माझी बायको आली तेव्हा तिला म्हणे ते एवढंच म्हणाले, की मशीन मी आधीच बंद करायला पाहिजे होतं.

दहा दिवसांत माझी नजर ठीक झाली. उजव्या गालावर डाग राहिलेत, पण व्हॅन चालवायला गाल लागत नाही.

बरा झाल्यावर मी पेढे घेऊन काकांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरी कधी गेलो नव्हतो. गॅरेजच्या मागे शेताच्या बांधाला दोन खोल्यांचं घर आहे. काका दूध आणायला गेले होते. दारात काकू बसल्या होत्या, शेंगा फोडत. माझ्या पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली, पण माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या खांद्याच्या जरा बाजूला बघितलं.

मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, “गुरुजी व्हय. या. डोळं बरं हायेत ना?”

मग मला दिसलं. त्यांचा एक डोळा पूर्ण पांढरा होता आणि दुसऱ्यावर धुरकट पडदा होता. मी आत जाऊन बसलो. त्यांनीच सांगितलं. एवढ्या शांतपणे, की जणू शेजारणीची हकीकत सांगत होत्या.

बावीस-तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गॅरेज नवीन होतं. लाईट गेलेली, छपराखाली अंधार. त्या दुपारची भाकरी घेऊन गेल्या होत्या. काका बॅटरीत पाणी किती आहे ते बघत होते, आणि दिसत नव्हतं म्हणून त्यांनी काडी ओढली. त्या डबा ठेवायला शेजारीच वाकल्या होत्या. बॅटरी फुटली तेव्हा काकांचं तोंड वेळेवर फिरलं. काकूंचं फिरलं नाही. गॅरेजात पाण्याचा थेंब नव्हता. हापसा आटलेला. काका त्यांना उचलून विहिरीपर्यंत पळाले. मोठा दवाखाना गाठला, तिथल्या डॉक्टरांनी विचारलं की तिथल्या तिथं का धुतलं नाही.

“एक गेला. एकात नुसता उजेड ऱ्हायला,” काकू म्हणाल्या. हातातली शेंग त्यांनी फोडली, दाणे चाचपून परातीत टाकले. “मी त्यांना कधी बोलले न्हाई. एका शब्दानं न्हाई. आता वाटतं, एकदा बोलले असते तर बरं झालं असतं. मी बोलंना म्हणून ते सोताच सोताला बोलत ऱ्हायले.”

मी पेढ्यांचा पुडा हातात धरून तसाच बसलो होतो. टपरीवर केलेल्या नकला आठवत होत्या.

तेवढ्यात फाटक वाजलं. काका बांधावरून येत होते, हातात दुधाची किटली. मी दाराच्या आत, भिंतीला टेकून बसलो होतो, त्यामुळे त्यांना दिसलो नाही. ते लांबूनच बोलायला लागले. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. त्यात हुकूम नव्हता, घाई नव्हती.

“आज मावळतीला ढग आल्यात. लई न्हाईत. खालनं लाल आन वरनं राखाडी, चुलीतल्या निखाऱ्यावानी. आन पाटलाच्या रानात हरभऱ्याला फुलं लागली. बारकी, जांभळी. तुझं ते जुनं लुगडं हुतं ना, काठ...”

ते उंबऱ्यापाशी आले, मला बघितलं आणि गप्प झाले. किटली हातात तशीच राहिली. चोरी पकडली गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

“काठाचं काय?” काकूंनी विचारलं.

काकांनी किटली खाली ठेवली.

“गुरुजी हायेत म्हणून थांबलात व्हय,” काकू हसत म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, की रोज हे असं असतं. दिवसभरात काय काय दिसलं ते सगळं सांगावं लागतं, रंगासकट. सुरुवातीला यांना लाल, हिरवा, पांढरा एवढेच रंग यायचे. आता बरेच येतात.

काकांनी चहा ठेवला. स्वतःच ठेवला. कपबशा कुठे आहेत, साखर कुठे आहे, हे त्यांना बघावं लागत नव्हतं आणि काकूंनाही विचारावं लागत नव्हतं. चहा पिताना बॅटरीबद्दल किंवा दवाखान्याबद्दल आम्ही कुणीच बोललो नाही. मी पेढे दिले. काकांनी एक पेढा काकूंच्या तळहातावर ठेवला आणि स्वतः अर्धा खाल्ला. मला आभार मानायचे होते, पण ते शब्द तिथे फार हलके वाटले असते.

निघताना काका रस्त्यापर्यंत सोडायला आले. माझी व्हॅन उभी होती. मी दार उघडलं तरी ते घुटमळत राहिले. मला वाटलं, टपरीवर काही सांगू नका म्हणतील.

“गुरुजी,” ते शेवटी म्हणाले, “एक इचारू का? तुमी शिकलेले हायात. ह्या तुमच्या गाडीच्या रंगाला काय म्हनायचं?”

मी म्हणालो, पिवळा.

“ते सांगितलं मी तिला. ती म्हनती, कसला पिवळा? हळदीचा म्हनलं, तर त्यो बी न्हाई हा. झेंडूचा बी न्हाई.”

आम्ही दोघं व्हॅनकडे बघत उभे राहिलो. उन्हाने उडालेला, कोपऱ्यांना चॉकलेटी पडलेला तो रंग मी रोज बघतो, पण बघितला असा नव्हता. बराच वेळ विचार करून मी म्हणालो, पिकलेल्या पपईसारखा आहे थोडा.

काकांनी व्हॅनच्या पत्र्यावरून हात फिरवला, जरा मागे सरून पुन्हा बघितलं आणि मान हलवली. मग मला ‘या’ म्हणायचंही विसरून ते लगबगीने घराकडे वळले. मी गाडी चालू करत होतो तेव्हा त्यांचा आवाज ऐकू आला, आणि पाठोपाठ काकूंचा.

“पपई आतली का बाहेरची?”