अण्णा मोजणीदारांचं राहिलेलं माप

दहिवलीला अण्णा मोजणीदारांच्या घरी गेलं, की बसायच्या आधी चालून दाखवावं लागे. अंगणात त्यांनी दगडमाती रचून कमरेएवढा एक उंचवटा केला होता. एका अंगाला चढण, दुसऱ्या अंगाला उतार. त्याला ते 'घाट' म्हणत. बूट घालून कोणी आलं, मग तो पोस्टमन असो नाहीतर माथेरानच्या हॉटेलातला बटलर, अण्णा त्याला घाटावर चढवत, उतरवत आणि विचारत, "अंगठा टेकला का पुढं?" टेकला म्हटलं की बूट नापास. जागच्या जागी उभं राहून कोणी आपल्या बुटांची तारीफ केली, तर अण्णा हात वर करून त्याला थांबवत. "उतारावर बोला!"

मी तेव्हा कर्जतच्या शाळेत नवा मास्तर होतो आणि अण्णांच्या पडवीतली खोली भाड्याने घेऊन राहत होतो. माथेरानची छोटी गाडी सुरू होऊन वीसेक वर्षं झाली असतील. अण्णा सरकारी मोजणी खात्यात होते. साखळी घेऊन कर्जत-खालापूरचे बांध आणि डोंगर पालथे घालायचं त्यांचं काम. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी कुणा साहेबाचे टाकलेले बूट त्या बटलरकडून घेतले होते. बूट दोन बोटं मोठे. पुढे कापूस कोंबून अण्णा हंगामभर डोंगर चढले, उतरले, आणि दोन्ही अंगठ्यांची नखं घालवून बसले. तेव्हापासून 'अंदाज' हा शब्द त्यांच्या घरात कोणी उच्चारत नसे. भाजीत मीठ अंदाजाने घातलं असं मी एकदा बोलून गेलो, तर ते पानावरून उठायला निघाले होते.

त्यांचे नियम मला आजही तोंडपाठ आहेत. माप सकाळी घ्यायचं नाही. दिवसभर चालून पाय फुगतो, तेव्हा संध्याकाळी घ्यायचं. माणूस उभा पाहिजे, सगळा भार पायावर पाहिजे. नाडी बांधायच्या आधी टाचेमागे एक बोट गेलं पाहिजे, दोन गेली तर बूट परत. आणि दोन्ही पायांची मापं वेगवेगळी. "मास्तर, दोन पाय म्हंजे सख्खे भाऊ," ते सांगत, "पण वाटणी सारखी झालेली नसते. खोटं वाटत असेल तर मोजा." मी मोजले. माझा डावा पाय खरोखरच थोडा लांब निघाला, आणि त्या दिवसापासून मला आपण वाकडे चालतो असं वाटायला लागलं.

मुंबईहून मी हौसेने नवे बूट आणले होते. अण्णांनी मला सातदा घाट उतरवला. सातव्यांदा मी कबूल केलं की अंगठा टेकतो. ते बूट परत गेले आणि बाजारातल्या गोविंदाने अण्णांच्या मापाने मला नवे शिवून दिले. खोटं का बोला, तसे बूट पुन्हा माझ्या पायाला लाभले नाहीत.

मुलीचं, यमूचं, लग्न ठरवतानाही अण्णांनी दुसरं काही पाहिलं नाही. खालापूरच्या पलीकडचं स्थळ होतं. मुलगा भेटायला दहिवलीला आला तेव्हा अण्णांनी त्याच्या वहाणा उचलून उलट्या केल्या, दोन्ही टाचांवर बोट फिरवलं आणि आत येऊन सांगितलं, "टाचा सारख्या झिजल्यात. पोरगा सरळ चालीचा हाय. द्या पोरगी."

पोरगा सरळच निघाला. पण त्या घरापर्यंत जायचं कसं, हे मात्र या मोजणीदाराने मोजलं नव्हतं. खोपोलीपर्यंत आगगाडी, ओढ्यापर्यंत बैलगाडी, आणि पुढे डोंगराच्या सोंडेवर दोन कोस दगडगोट्यांची पायवाट. यमूची सासू अंथरुणाला खिळल्यापासून यमूला माहेरी येता येईना. पहिलं बाळंतपण इथे दहिवलीत झालं होतं. तीन महिन्यांचा नातू घेऊन ती गेली ती गेलीच. नातू आता चालायला लागला होता, आणि आजीने त्याला त्यानंतर पाहिलं नव्हतं.

अण्णांच्या बायकोला मी काकी म्हणत असे. काकींच्या टाचेखाली कुरूप होतं आणि टाचांना भेगा. त्या चवड्यांवर चालायच्या. तेवढ्या दगडांतून अनवाणी जाणं आता त्यांच्याने होणार नव्हतं, आणि पायात काही घालायला त्या तयार नव्हत्या. विषय निघाला की म्हणायच्या, "मी काय मडम हाय? बूट घालून व्याह्याच्या दारात जाऊ? लोक तोंडात शेण घालतील." डोलीचं नाव काढलं तर म्हणत, "डोलीत बसायला मला काय झालंय?" मग चुलीपुढे बसून नातवासाठी लाडू वळत. ते लाडू कोणाच्या तरी हाती जायचे आणि त्या मागे राहायच्या.

अण्णांनी मनाशी बूट शिवून घ्यायचं ठरवलं. पण माप? गावातल्या यच्चयावत माणसांचे पाय अण्णांनी हातात घेतले होते, फक्त बायकोच्या पायाला नवऱ्याने हात लावायचा नसतो. लावला तर पाप तिच्या माथी. अण्णा तरी काय करणार? एक दिवस काकींनी ओटी सारवली आणि उंबरा ओलांडताना ओल्या शेणात पाय उमटला. त्या विहिरीवर गेल्या तसे अण्णा दोरा घेऊन पालथे पडले. मी खोलीतून सगळं पाहत होतो. चवडा उमटला होता, टाच मात्र उमटलीच नव्हती. अण्णांनी इकडे तिकडे पाहिलं आणि जन्मात केलं नव्हतं ते केलं. टाच अंदाजाने धरली.

बूट आले. मऊ कातड्याचे, घोट्यापर्यंत. काकींनी ते पाहिले, "ठेवा तिकडं," म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या. अण्णांचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवशी त्यांनी पोस्टमनलाही घाट चढू दिला नाही.

दोन दिवसांनी दुपारी मी शाळेतून लवकर आलो. अण्णा कामावर होते. काकी मागच्या दारी बसून एक बूट पायात घालायची खटपट करत होत्या. बूट जाईना. शेवटी त्यांनी तो मांडीवर घेतला आणि पदराने पुसला. डोळेही त्याच पदराने पुसले. मी तसाच मागे फिरलो.

संध्याकाळी अण्णा आले तेव्हा मी न राहवून सांगून टाकलं. "अण्णा, काकींनी बूट घालून पाहिले. आखूड होतात."

अण्णांनी दोरा, कागद आणि पेन्सिल घेतली आणि मला हाताला धरून माजघरात नेलं.

"उभी रहा गं."

"कशाला?"

"माप घ्यायचंय."

काकींनी पाय लुगड्यात ओढून घेतले. "अवो, माझ्या पायाला हात लावता? मला कुठल्या नरकात धाडता?"

"ही सरकारी मोजणी हाय," अण्णा म्हणाले. "हितं नवरा नाय नि बायको नाय. मास्तर साक्षीला हायत. उभी रहा."

काकी उभ्या राहिल्या. तोंड भिंतीकडे केलं, पदर डोळ्यांवर ओढला. अण्णांनी जमिनीवर बसून त्यांचा पाय कागदावर ठेवला, चवड्याभोवती दोरा फिरवला आणि मग टाच हातात घेतली. भेगांवरून त्यांचं बोट फिरत राहिलं. मी पेन्सिल धरून आकड्याची वाट पाहत होतो.

"एवढं झालंय," ते म्हणाले, "नि तू बोलली नाय?"

"तुमी कधी इचारलंत?" काकी भिंतीशीच बोलल्या. "सगळ्या गावाचे पाय इचारता."

अण्णांनी दोरा पुन्हा टाचेला लावला. आकडा त्यांनी इतक्या हळू सांगितला, की मी तो दोनदा विचारून लिहिला.

माघातल्या एका रविवारी आम्ही तिघं निघालो. लाडवांचा डबा माझ्याकडे होता. खोपोलीपर्यंत नव्या मापाने शिवलेले बूट काकींच्या काखेत. बैलगाडीतून उतरून ओढा ओलांडला, आजूबाजूला कोणी नाही असं पाहिलं आणि त्यांनी बूट घातले. पहिल्या चढावर सावकाश, दुसऱ्यावर जरा भरभर, आणि तिसऱ्या चढानंतर आम्हीच मागे पडलो. उतार आला तसे अण्णा ओरडले, "अंगठा टेकतो का गं?"

"नाय टेकत!" पुढून उत्तर आलं. त्या हसत होत्या. काकींना मी मोठ्याने हसताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

वाडी दिसायला लागली तशा त्या एका दगडावर बसल्या आणि बूट काढले. अण्णांनी ते आपल्या उपरण्यात गुंडाळले आणि काखेत मारले. यमू अंगणात धावत आली. तिचा पोरगा दुडुदुडु मागून आला आणि आजीला पाहून आईच्या मागे लपला. आत विहीणबाई अंथरुणावर उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांची नजर अण्णांच्या काखेकडे गेली.

"काय आणलंत एवढं बांधून?"

अण्णा गडबडले. बुटांवर तासभर बोलणारा माणूस, पण त्यांच्या तोंडून धड शब्द फुटेना. "काय नाय," ते म्हणाले, "आमचं मोजणीचं सामान."

काकींनी पुढे होऊन त्यांच्या काखेतलं गाठोडं घेतलं, सोडलं आणि दोन्ही बूट सगळ्यांच्या देखत उंबऱ्यापाशी नीट मांडून ठेवले.

"माझे बूट हायत, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "यांनी माप घेतलं."

मग त्या खाली बसल्या आणि नातवाकडे पाहून त्यांनी दोन्ही हात पुढे केले.