चहातला च, चुलीतला च

आमच्या शेजारच्या दामल्यांकडे चोर शिरला, तेव्हा दामल्यांनी आधी बायकोचा उच्चार सुधारला. खोटं नाही सांगत! भल्या पहाटे अंबूबाई मागच्या अंगणातून "चोर! चोर!" म्हणून ओरडल्या. दामले धोतर सावरत बाहेर आले नि म्हणाले, "अगं, चहातला च नको, चुलीतला घे!" तोवर अंबूबाईंच्या आईचं रेशमी लुगडं दोरीवरून ओढून चोर भिंतीपलीकडे पसार.

दामले मूळचे पुण्याचे. मद्रासला जॉर्ज टाउनमधल्या एका पेढीत कारकून होते, पण खरा धंदा लोकांच्या जिभा तपासण्याचा. "जिभेला वळण हवं!" हे पालुपद. मी नुसतं 'पाणी' म्हटलं तरी माझ्या तोंडाकडे असे बघायचे, जसा काही आत उंदीर मेलाय. आणि स्वतःला? निम्मा जन्म मद्रासेत काढून धड केळं मागता येत नव्हतं. त्यांचं 'वाळप्पळम' ऐकून फळवाली पदरात तोंड घालून हसायची. त्यावर म्हणे, "तमिळला कुठं आलंय शुद्ध-अशुद्ध!" लाज कशी ती नाही!

अंबूबाई तंजावरच्या. त्यांचं घराणं मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात मुरलेलं. लुगडं गेलं त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याशी मराठी बोलणंच टाकलं. जेवायला हाक मारायची तीसुद्धा "साप्पिड वांगो!" मला म्हणाल्या, "आतां काढा म्हणावं माझी चूक!" मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बरी खोड मोडली!

पुढं एका दुपारी मी विरजण मागायला गेले, तर दामले ओसरीवर एकटेच पुटपुटत होते, "चला, जेवा... चला, जेवा..." आणि तेही चहातल्या च नं! मला बघून ओशाळले.

"ती अशी हाक मारायची," ते म्हणाले. "आता घर खायला उठतं हो, वहिनी. तिच्यासारखं बोलून दाखवलं तर तिचा राग जाईल, असं वाटतं. पण मेली जीभच वळत नाही. ऐका बरं, नीट चुकतंय का?"

त्यांनी पुन्हा म्हणून दाखवलं. हेल पुणेरीच. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तसें नव्हे हो," स्वयंपाकघरातून अंबूबाई म्हणाल्या. मराठीत!

दामले धडपडत उठले, स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "मग कसं गं? शिकव ना."