लिंडक्विस्टचा कोपरा

सस्कॅचेवान प्रांतातल्या त्या नव्या ग्रामीण मतदारसंघात अकरा गावं होती, धान्याची चौदा उंच कोठारं (त्यांतली नऊ रिकामी), आइस हॉकीची तीन मैदानं, एक दवाखाना आणि आमदार व्हायच्या लायकीचा एक माणूस. शेवटची मोजणी ओरेस्ट बोदनारचुकची स्वतःची होती.

ओरेस्ट पालिकेचा अध्यक्ष. मतदारसंघासाठी त्याने सहा वर्षं राजधानीत अर्ज खरडले होते. पूर्वेची सीमाही त्यानेच सुचवली होती: 'लिंडक्विस्टच्या कोपऱ्यावरून सरळ उत्तरेला.' हा कोपरा त्याच्या घराच्या पूर्वेला एक मैल. लिंडक्विस्ट मंडळी तिथून उठून पन्नास वर्षं झाली होती, पण त्या भागात माणूस निघून गेला की जागेला त्याचं नाव पक्कं चिकटतं.

नकाशा आला तेव्हा सीमा त्या कोपऱ्याच्या नऊ मैल पश्चिमेला होती. ओरेस्ट आणि त्याने घरोघर फिरून पक्षाचे सदस्य केलेले एकशे बारा शेजारी, सगळे दुसऱ्याच मतदारसंघात. पक्षाचा नियम असा की उमेदवारी मागणारा आणि त्याला मत देणारा, दोघंही मतदारसंघातच राहणारे हवेत.

ओरेस्टने राजधानीला फोन लावला.

"लिंडक्विस्ट एकच सापडला, साहेब," कारकून म्हणाला. "आर्विड. मधमाश्या पाळतो. रेघ त्याच्या फाटकावरून नेली."

"अहो, तो वेगळा. आमचा लिंडक्विस्ट निराळा."

"तुमचा कुठे राहतो?"

"तो मेला."

"मग हरकत लेखी पाठवा."

ओरेस्ट लिहायला बसला. त्याची बायको व्हर्ना शेजारी बीट सोलत होती.

"या खेपेला जमिनीचा नंबर घाल बाबा," ती म्हणाली.

"नंबर उपऱ्यांना लागतात. ओरेस्टचं घर कुठंय हे अख्ख्या मुलखाला ठाऊक आहे." आणि त्याने ऐटीत लिहिलं: 'सीमा ओरेस्ट बोदनारचुकच्या घरापासून पूर्वेला एक मैलावर असावी.'

दोन महिने उत्तर आलं नाही. उमेदवारीची मुदत जवळ आली, तसा ओरेस्टने घरच हलवायचा बेत केला. लाकडी घर जॅक लावून उचललं, ट्रेलरवर चढवलं आणि पश्चिमेला नेलं. सीमेपर्यंत आठ मैल, आणि खात्रीसाठी आणखी एक. वाटेत विजेच्या तारा उतरवाव्या लागल्या. तीन गावं दिवसभर अंधारात आणि रस्ता बंद. नव्या मतदारांना आपल्या भावी आमदाराचं पहिलं दर्शन झालं ते असं.

"घरातलं सगळं आलं ना?" ओरेस्टने विचारलं.

"आलं की. दार उघडल्यावर माझी बाग दिसायची, तेवढी राहिली," व्हर्ना म्हणाली.

ओरेस्टने त्याच दिवशी सरकारदरबारी नवा पत्ता नोंदवला. अशा कामात तो फार चोख.

तीन आठवड्यांनी पत्र आलं: हरकत जशीच्या तशी मान्य. सोबतच्या नकाशात रेघ पूर्वीसारखीच आर्विडच्या फाटकावरून गेली होती.

"एवढी वर्षं कोणाचीच हरकत अख्खी मान्य झाली नव्हती, साहेब," कारकून फोनवर म्हणाला. "तुमचा पत्ता आम्ही नव्याने तपासून घेतला. तिथून पूर्वेला बरोबर एक मैल."

"अहो, ओरेस्टचं घर म्हणजे जुनी जागा. लोक अजून तिलाच ओरेस्टचं घर म्हणतात."

"तिथे कोण राहतं?"

ओरेस्टने फोन ठेवला.

एकशे बारा शेजारी पलीकडेच राहिले. अलीकडच्या लोकांनी आपल्यातल्याच आर्विडला उभं केलं. "मला मधमाश्यांपलीकडे काही कळत नाही रे," तो म्हणत होता. "सरकार तुझं फाटक बघून रेघ मारतं," लोक म्हणाले, "म्हणजे वर तुझी ओळख असणार."

पक्षाच्या उमेदवारीसाठी शाळेच्या सभागृहात गुप्त मतदान झालं. हजर सदस्य शहाण्णव. आर्विड लिंडक्विस्टला पंच्याण्णव, ओरेस्ट बोदनारचुकला एक. ओरेस्टच्या घरून दोघं आले होते.