मले नापास कर!

आमच्या अमरावतीतले वानखडे सर हे मी पाहिलेले एकमेव सर्जन, ज्यांना प्रमाणपत्र मिळालं की राग येतो.

नोंदणी चालू ठेवायची तर आम्हा डॉक्टरांना अधूनमधून व्याख्यानं, कार्यशाळा कराव्या लागतात. सकाळी सही, मधे डुलकी, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र. मी भूलतज्ज्ञ. पण माझ्या औषधाशिवाय इतकी गाढ झोपलेली माणसं मी त्या सभागृहातच पाहिली. सर मात्र पहिल्या रांगेत ताठ. प्रमाणपत्र हाती पडलं की ते संयोजकाला गाठायचे.

"मले आलं की नाही हे न पाहता कागद कावून दिला? काही विचार ना!"

संयोजक हसून सटकायचे. मग सर वक्त्याला पकडायचे. पुण्याचे एक पाहुणे त्यांना चुकवायला स्वयंपाकघराच्या दारानं निघाले, तर सर तिथंच उभे! वलगावच्या एका लग्नात पंगतीला शेजारी तरुण सर्जन बसला होता. सर त्याला म्हणाले, "आतड्याच्या टाक्यावर मले प्रश्न विचार." त्या बिचाऱ्यानं जिलेबी खाली ठेवली ती ठेवलीच.

सरांची सत्तरी जवळ आलेली. गावातल्या निम्म्या सर्जनांनी त्यांच्याच हाताखाली चाकू धरलेला. त्यांना कोण काय विचारणार?

गेल्या हिवाळ्यात अकोल्याला दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची कार्यशाळा होती. मीही सोबत गेले. शेवटी खरीखुरी परीक्षा होती. बंद पेटीत हत्यारं घालायची आणि पडद्याकडे पाहत रबराच्या तुकड्यावर आखलेल्या खुणेत टाका घालायचा. परीक्षक होती रसिका तायडे, सरांचीच विद्यार्थिनी.

सरांनी टाका घातला. हात थरथरला नाही, पण सुई पुन्हा पुन्हा खुणेच्या पुढे जात होती.

"छान, सर," रसिका म्हणाली.

"काय छान?"

"अनुभव दिसतो, सर."

"अनुभव कोनं विचारला? टाका पाह्य. तुह्या बापाच्या पोटात असा टाका चालन काय तुले?"

रसिकाचा चेहरा उतरला. तिनं टाका पुन्हा पाहिला आणि ती म्हणाली, "नाही चालणार, सर. पडद्यावर पाहताना अंतर चुकतंय तुमचं. दुर्बिणीची ऑपरेशनं तुम्ही आता थांबवा."

मला वाटलं, सर आता कडाडतील. ते खुर्चीत बसले.

"मंग नापास कर ना," ते हळूच म्हणाले. "भेतं कावून?"

तिनं त्यांना नापास केलं.

परतताना मूर्तिजापूर आलं. सर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "कुसुम होती तवा घरी गेलो की विचारे, आज काय चुकलं? डॉक्टर नव्हती ते. पन तिच्यासमोर खोटं बोलता येत नव्हतं मले. ते गेली, अन् सगळे नुसते सर, सर करून राहिले. चुकलो तर सांगनारं कोनी उरलंच नाही."

सरांच्या पत्नी कुसुमकाकूंना जाऊन बरेच दिवस झाले होते. सर त्यांच्याबद्दल माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

बडनेऱ्याजवळ त्यांनी रसिकाला फोन लावला. "सोमवारी माह्याकडे दुर्बिणीनं पित्ताशयाचं ऑपरेशन हाये. बाळापूरच्या बाई हायेत. त्यायले मी सांगतो समजावून. तू येऊन कर. मी कॅमेरा धरतो."

सोमवारी मी त्या बाईंना भूल दिली. रसिका सर्जनच्या जागी उभी होती आणि सर मदतनिसाच्या. ती इतकी अवघडली होती की हत्यार मागतानाही "प्लीज" म्हणत होती. काम अर्ध्यावर आलं आणि पडद्यावरचं चित्र कललं. ती थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या मॉनिटरकडे पाहिलं.

"सर," ती अखेर म्हणाली, "कॅमेरा तिरपा झाला."

सरांनी लगेच मनगट फिरवलं. चित्र सरळ झालं.

"हो माय," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून इतकं मऊ काही मी ऐकलं नव्हतं.