सायकॉलॉजीला साजेसा विषय

तू नुसतं ऐक. मध्ये बोलू नकोस आणि हसू तर अजिबात नकोस, विषय गंभीर आहे. माणूस जन्माला एकटा येतो, जातोही एकटाच. पण मधल्या काळात काय शिकायचं हेसुद्धा तो एकट्याने ठरवायला लागला, तर समाज टिकेल का? वाकोल्यातली ती चाळ तरी नाही टिकणार.

म्हणून त्या चाळीत शैक्षणिक मार्गदर्शन समिती होती. (म्हणजे गणपतीचीच समिती. बाकीचे अकरा महिने रिकामी असते.) अध्यक्ष भाऊराव, कोर्टात जन्मभर कारकून, निवृत्त झाले तरी 'सदर' सुटलं नाही. भाजीवाल्यालासुद्धा 'सदर मेथी केवढ्याला?' विचारणार. उपाध्यक्ष लवूतात्या. त्यांच्या घराण्याकडे गावच्या देवाला गाऱ्हाणं घालायचा मान पिढ्यान् पिढ्या, त्यामुळे त्यांच्या शिक्षणाची चौकशी करायची कोणाची हिंमत नाही. समितीचा निकाल बघशील तर चाट पडशील. आजवर अकरा पोरांना मार्ग दाखवला. आठ जण टायपिंगला जातात, एक दुबईला पळाला आणि उरलेले दोघं आता समितीवर आहेत. एकही केस पेंडिंग नाही.

तर पंच्याऐंशी साली, म्हणजे गेल्याच वर्षी, ह्या समितीपुढे सुलक्षणा परबची केस आली.

सुलक्षणा अंधेरीच्या कॉलेजात एफवाय पास झाली, सायकॉलॉजी घेऊन. चाळीला हे कळलं तेव्हा तिच्या आईला, वनमालाबाईंना, नळावर कोणीतरी हळूच विचारलं, "कधीपासून होतंय गं तिला?" कारण सायकॉलॉजी म्हणजे वेड्यांचा विषय, आणि वेड्यांचा विषय वेड लागल्याशिवाय कोण घेतं? एक साल कसंबसं निभावलं. पण सेकंड इयरला कॉलेजने नियम दाखवला: सायकॉलॉजी एकटी चालणार नाही, जोडीला आणखी एक विषय पाहिजे. शनिवारी अकराच्या आत ऑफिसच्या खिडकीवर स्वतः येऊन सांगा. नाही सांगितलं, तर ज्या वर्गात जागा रिकामी, तिथे ऑफिस टाकणार. (जागा कायम अर्धमागधीत रिकामी असायची. कॉलेज उघडल्यापासून.)

सुलक्षणाला समाजशास्त्र हवं होतं. मॅडमनी सांगितलं होतं, सायकॉलॉजी आणि समाजशास्त्र असलं की पुढे हॉस्पिटलात नोकरी लागू शकते, पेशंटच्या घरच्यांशी बोलायची. नुसतं बोलायची! तिला हे पटलं, कारण तिचे बाबा काशीराम, संपात मिल गेली तेव्हा वर्षभर खिडकीत बसून होते. चाळीतला प्रत्येक माणूस येऊन त्यांना सल्ला देऊन गेला. काशीरामभाऊ, तुम्हाला कसं वाटतंय, एवढं काही कोणी विचारलं नाही. आता ते एका ऑफिसात लिफ्टमन होते आणि घरीसुद्धा लिफ्टमनसारखेच वागायचे. जो सांगेल त्या मजल्यावर थांबायचे.

आता बघ, त्याच चाळीच्या दुसऱ्या टोकाला कमल कांबळे राहायची, सुलक्षणाच्याच वर्गात, सायकॉलॉजीचीच. तिला वडिलांनी जेवताना विचारलं, "काय घेणार गं?" ती म्हणाली, "समाजशास्त्र." ते म्हणाले, "घे." संपलं! ना बैठक, ना ठराव. पोरीच्या भवितव्याबद्दल एवढी बेफिकिरी चाळीने आधी पाहिली नव्हती.

परबांकडे असलं काही नव्हतं. तिथे बुधवारी रीतसर सभा भरली. सायकॉलॉजीला साजेसा विषय शोधणे, असा अजेंडा. साजेसा म्हणजे काय, तर ज्याच्या आड सायकॉलॉजी झाकली जाईल, मुलाकडच्यांना दिसणार नाही. अर्थशास्त्र चांगलं, पण पोरीला पैशातलं कळायला लागलं तर सासू हिशेब कोणाला देणार? राज्यशास्त्राला भाऊराव म्हणाले, "सदर विषय घरात आला की घरात दोन पक्ष झालेच." भूगोल बरा वाटत होता, तेवढ्यात भूगोलाची सहल महाबळेश्वरला मुक्कामी जाते हे कळलं. भूगोल बाद. तत्त्वज्ञानाला भजनी मंडळाचा पाठिंबा होता, पण तत्त्वज्ञ पाहिजे अशी जाहिरात पेपरात कोणीच वाचलेली नव्हती. इतिहासाचं काय झालं माहितेय? चाळीतला जो एक इतिहास घेऊन बीए झाला होता, तो सभेत चहा देत होता. त्याच्याकडे सगळ्यांनी एकदा बघितलं आणि पुढचा विषय घेतला.

समाजशास्त्रावर लवूतात्या म्हणाले, "कुठच्या समाजाचा?"

सुलक्षणा म्हणाली, "सगळ्यांचा, तात्या."

"मग आपल्याक काय उपेग?"

मतदान झालं. प्रत्येकाने दुसऱ्याने सुचवलेला विषय पाडला. शेवटी काशीराम उठले, कधी नव्हे ते बोलले. "पोरीला समाजशास्त्र हवंय. तेवढंच देवाला विचारा. हो म्हणाला तर हो. नाही म्हणाला तर टायपिंग."

टायपिंग म्हणजे कॉलेजच बंद, यार! पण सभेने टाळ्या वाजवल्या. युनिव्हर्सिटीला जे झेपत नाही ते शेवटी देवाकडेच जातं. कौल शुक्रवारी संध्याकाळी ठरला.

कौल तुला माहीतच असेल. देवाच्या अंगाला दोन ओले कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, चिकटवायचे, गाऱ्हाणं घालायचं. उजवा कळा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. इतकी स्वच्छ परीक्षापद्धत आपल्याकडे दुसरी नाही. पेपर फुटत नाही, रीचेकिंग नाही. गावचा देव मुंबईला येत नाही, म्हणून मंडळाच्या खोलीत त्याच्या नावाने नारळ मांडायचा आणि कळे त्यालाच चिकटवायचे.

त्या खोलीत एक टेबलफॅन होता. मागची खुंटी दाबली की मुंडी फिरायची, वर ओढली की थांबायची. आणि पंख्याशी बसणं हे मुलींचं काम.

गुरुवारी जिन्यात कमल म्हणाली, "ए सुले, प्रॅक्टिकलला काय शिकवलं? एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. पंख्याचं तोंड तू धर ना!"

"देवाला फसवू?"

"देवाला कुठे? नारळाला."

सुलक्षणाने विचार केला. "उजवा म्हणजे आपला उजवा की देवाचा?"

"देवाचा गं. आपलं कोण विचारतंय!"

शुक्रवारी खोली गच्च. काशीराम दाराशी. वनमालाबाईंनी कळे आणले. सुलक्षणा पंख्याशी, खुंटीवर बोट. प्रयोग साधा होता. तात्यांच्या तोंडून 'समाजशास्त्र' आलं की खुंटी ओढायची आणि वारा देवाच्या उजव्या कळ्यावर धरायचा, तो सुकला की पडलाच. तोवर मुंडी फिरती ठेवायची, म्हणजे कोणाला संशय नको.

तात्यांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी खोली.

"काशीरामाचा चेडू आज तुझ्या पायाकडे इला हा."

"व्हय म्हाराजा!"

आता गाऱ्हाण्याची एक वहिवाट असते, ती सायकॉलॉजीच्या पुस्तकात नाही. गाऱ्हाणं एका गोष्टीचं नसतं. देवाला एवढा उठवलाच आहे तर एकाच कामासाठी कसं सोडायचं? तात्यांनी गायीवासरांपासून सुरुवात केली. (काशीरामकडे गाय नव्हती. पण वगळायचं कसं?) मग भातशेती. मग काशीरामाची लिफ्ट मधेच अडकू नये, म्हणून. मग वनमालाबाईंचे गुडघे. पंखा फिरतोय, कळे सुकतायत, समाजशास्त्राचा पत्ता नाही. सुलक्षणाच्या बोटाला घाम.

"आणि चेडवाच्या लग्नाचा मार्गशीर्षात काय ता बरा जुळान येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

टप्.

उजवा. देवाचा.

सुलक्षणा एकदम म्हणाली, "तात्या, प्रश्न अजून यायचा होता!"

"सदर प्रश्न येण्यापूर्वीच निकाल लागलेला आहे," भाऊराव हात जोडून म्हणाले. "एवढी तत्परता मी कोर्टात पाहिली नाही."

आणि पुढचं सगळं अगदी सरळ झालं रे. कॉलेज काय म्हणतं, सायकॉलॉजीला जोड पाहिजे. देव काय म्हणतो, लग्न. म्हणजे जोडीचा विषय लग्न! तो युनिव्हर्सिटीच्या यादीत नाही, हा यादी करणाऱ्यांचा गलथानपणा. शिवाय लग्न सायकॉलॉजीला इतका साजेसा, की समितीला आधी कसं सुचलं नाही ह्याचंच आश्चर्य. लवूतात्यांचा भाचा जयवंत गोदीत चिकटलेला होताच. "तेका शिकलेलीच व्हयी," तात्या म्हणाले. कोणीतरी मागून म्हणालं, "एक वर्षाची सायकॉलॉजी झाली ना? नवऱ्याला तेवढी पुरते." वनमालाबाईंनी पेढ्यांना माणूससुद्धा पाठवला.

सुलक्षणा खुंटी धरून उभी. पंख्याचं खरं सांगावं, तर देव खोटा, तात्यांचा मान गेला, बाबांना गावात तोंड दाखवायला जागा नाही, आणि टायपिंग तर नक्कीच. गप्प बसावं, तर जयवंत. कमल दाराबाहेरून डोळे मोठे करून सांगत होती, बोल ना, बोल!

आणि तेवढ्यात काशीराम गर्दीतून वाट काढत पंख्यापर्यंत आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "सुले, तुला काय वाटतं?"

जन्मात पहिल्यांदा. वाट लागली तिची. कारण ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायची सवय नको का? मागून सगळी समिती बघतेय. त्या चाळीत वाढलेली पोर, तोंडातून जे आलं ते चाळीचंच आलं. म्हणाली, "देवाचं मला मान्य आहे बाबा. पण तात्या मार्गशीर्ष म्हणाले. कुठल्या सालचा, ते म्हणाले नाहीत."

भाऊरावांचे डोळे चमकले! "मुद्दा ग्राह्य. सालाचा खुलासा होईपर्यंत जैसे थे."

काशीराम "बरं" म्हणाले आणि दाराशी जाऊन उभे राहिले.

सभा तहकूब, शनिवारी सकाळी दहाला पुन्हा कौल. शनिवारी दहाला सुलक्षणा पंख्याशी हजर. जायलाच हवं ना, ती नसती तर देवाने मनाने उत्तर दिलं असतं! तात्यांनी गायीवासरांपासून सुरुवात केली. तिकडे अंधेरीला कमल खिडकीपाशी रांगेत वळून वळून बघत होती. अकरा वाजले, खिडकी बंद झाली. साल अजून ठरलेलं नाही. दर महिन्याला कौल होतो, कधी एकही कळा पडत नाही, कधी दोन्ही पडतात, सुलक्षणाचा हात आता झकास बसलाय. जयवंत थांबून थांबून दुसरीकडे उरकला. आणि सुलक्षणा सायकॉलॉजीबरोबर अर्धमागधी करते. वर्गात एकटी. सर म्हणतात, एवढी मनापासून हा विषय निवडलेली विद्यार्थिनी त्यांनी पाहिली नाही.

आता तू म्हणणार, हे सगळं कशाला? शनिवारी सरळ खिडकीवर जायचं, 'समाजशास्त्र' म्हणायचं आणि घरी यायचं. खिडकीतला क्लार्क काय देवाची चिठ्ठी मागणार होता? बाबांनी तर तोंडावर विचारलं होतं, तेव्हाच सांगायचं.

बरोबर आहे तुझं. शंभर टक्के बरोबर. तू कॉमर्स घेतलंस तेव्हा खिडकीवर तुझ्या शेजारी तुझे मामा उभे होते आणि क्लार्कने तुला विचारलं तर उत्तर त्यांनी दिलं, ते सोड. तुझ्या वेळी पंखा कोणाच्या हातात होता, तेही सोड. तू फक्त एवढं सांग, तिच्या जागी तू काय केलं असतंस?