लाइनीतली शेवटची सही

"एक सही? तीही बरखेड्याच्या आपल्या कॉलनीत? चहा गार व्हायच्या आत आणते!" असं म्हणून मालतीबाई शुक्रवारी सकाळी बाहेर पडल्या, तेव्हा चहा ओट्यावर वाफाळत होता.

त्यांच्या कांचनला वकिलीला प्रवेश मिळाला होता. निम्मी फी कॉलेजने माफ केली होती, उरलेल्या फीसाठी कारखान्याच्या पतपेढीचं कर्ज. फॉर्मवर फक्त एक जामीनदार कमी होता. मुदत शनिवारी दुपारी एक, नाहीतर सीट दुसऱ्याला.

वीस वर्षं कारखान्याच्या प्रयोगशाळेत तेलाचे नमुने तपासणाऱ्या मालतीबाईंनी यादीही शिस्तीत केली. कारखान्याच्या वसाहतीतल्या त्यांच्या लाइनीतली अकरा क्वार्टर्स, उजवीकडून डावीकडे. फक्त शेजारच्या नारायणरावांचं बारावं वगळून. सहा वर्षांपूर्वी मालतीबाईंच्या यजमानांनी, जयंतरावांनी, नारायणरावांच्या शेवग्याची कुंपणावरून आलेली फांदी शेंगांसकट तोडली होती. तेव्हापासून अबोला!

पहिल्याच दारात सुधाताई हळहळल्या. "अगं, माझ्या दोन्ही सह्या गेल्या! एक शंकररावांच्या स्कूटरला, एक नलिनीच्या लग्नाला."

एका माणसाने दोघांनाच जामीन राहायचं, असा पतपेढीचा नियम. शंकरराव बाळकृष्णांना जामीन, बाळकृष्ण सुधाताईंना. अख्खी लाइन एकमेकांत अशी अडकलेली, की एकाला शिंक आली तर अकरा घरं हादरावीत!

अकरा दारं झाली. अकरा चहा झाले. सही नाही.

संध्याकाळी लाइनीतल्या प्रतिभावहिनी खिचडीचा डबा घेऊन हजर. "संकोच करू नका हं. घरात गॅस तरी आहे ना?"

"आहे की! का?"

"नाही, जयंतरावांचा पगार जप्त झाला म्हणे. तुम्ही दारोदार फिरताय..."

शनिवारी सकाळी दूधवाला म्हणाला, "भाभीजी, आज से नगद."

"आई, छोड़ ना," अकरा वाजून गेले तेव्हा कांचन म्हणाली. "मी पुढच्या साली ट्राय करते."

"नमुना एकदा बिघडला म्हणून प्रयोगशाळेला कुलूप लावत नाहीत. चल!" मालतीबाईंनी फॉर्म उचलला आणि बाराव्या दाराची कडी वाजवली.

नारायणरावांनी फॉर्म दोनदा वाचला. "माझ्या दोन्ही सह्या मोकळ्या आहेत, वहिनी. बावीस वर्षांत मला कोणी विचारलंच नाही." घसा खाकरून ते म्हणाले, "पण एक अट आहे. पोरगी वकील झाली की पहिली केस माझी. फी मिळणार नाही."

"कबूल!" मालतीबाई म्हणाल्या. केस कसली, हे विचारायला त्यांना वेळच नव्हता. घड्याळात बारा वाजले होते.

सही झाली. नारायणरावांनी आतून एक जाडजूड फाइल आणून कांचनच्या हातात ठेवली.

पावणेएकला पतपेढीच्या खिडकीत फॉर्म गेला. बाबू म्हणाला, "हो गया, मैडम." मालतीबाईंना रस्त्यातच रडू आलं, पण ते त्यांनी घरापर्यंत रोखून धरलं.

घरी जयंतराव दारातच उभे होते. "त्याने सही केली? फुकट?"

"पाच वर्षांनी त्यांची एक केस लढायची आहे," मालतीबाई म्हणाल्या.

"लढेल की! कोणावर?"

कांचन पायरीवर बसून फाइल चाळत होती. आत शेवग्याच्या फांदीचे सर्व बाजूंनी काढलेले फोटो होते. शेंगा मोजलेल्या होत्या. एका फोटोत कोयता घेतलेले जयंतराव चक्क हसत होते!

"बाबा," कांचन मान वर न करता म्हणाली, "आत्ताच तडजोड करून टाका. केस तुमची फारच कच्ची आहे."